मांडवाच्या दारातला साबण

एखादा माणूस एक गोष्ट आयुष्यभर मनावर घेतो आणि त्याच्या पाठोपाठ सबंध समाजाची रीत बदलते, असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी इतिहासच शिकवायचो, त्यामुळं हे वाक्य मी मुलांना वर्षानुवर्षं लिहूनही दिलं. पण रीत बदलताना प्रत्यक्ष पाहिली ती एकदाच, नव्वदच्या दशकात, विट्यात. ती बदलली माझ्या घरमालकांनी. पुस्तकातल्या अशा माणसांकडे घोडा असतो. यांच्याकडे स्टोव्ह होता.

विट्याच्या आसपासची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. म्हणजे देशात कुठंतरी लांब, सराफांच्या गल्लीत, एक भट्टी पेटवून बसायचं आणि जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या घरमालकांनी हा उद्योग कानपूर, पाटणा आणि गुवाहाटीत केला, आणि पुरेसं झालं असं वाटल्यावर गावी येऊन दोन मजली घर बांधलं. वरची खोली मला भाड्यानं दिली. तोंडावर सगळे त्यांना शेठ म्हणत. पाठीमागं उकळीशेठ.

कारण ते उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी पीत नसत. हे आज कुणाला विशेष वाटणार नाही. पण तेव्हा विट्याला नळाचं पाणी रोज येत नसे. बायका कळशा रांगेत लावून उभ्या राहत, आणि तसं मिळवलेलं पाणी हा माणूस बराच वेळ धडाडा उकळून त्यातलं थोडं वाफ करून आकाशात सोडून देतो, याचं शेजारणींना फार वाईट वाटे.

“तापवलेलं आन उकळलेलं यात फरक हाय, सर,” शेठ मला पहिल्याच दिवशी म्हणाले. “तापवलं की जंतू जागा व्हतो. उकळलं की मरतो. अर्धवट तापवून प्यालासा तर तुमी त्याला आंघूळ घातलीसा.”

उकळी फुटल्यावर पाणी किती वेळ आचेवर ठेवायचं याचंही त्यांचं माप होतं. शेठच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या काकूंचे, भाऊ सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार होते. ते मागच्या गल्लीत राहत आणि सकाळी चहाला येत. उकळी फुटली की हवालदारांनी तंबाखू मळायला घ्यायची. ती मळून, झटकून, दाढेखाली गेली की स्टोव्ह बंद. शेठ स्वतः तंबाखूला शिवत नसत. त्यांचा तिच्याशी संबंध घड्याळापुरता होता. हवालदार परगावी गेले की त्या घरातलं पाणी अंदाजानं उकळलं जाई आणि शेठ दिवसभर बेचैन असत.

मग ते पाणी स्वतःच्या हातानं सगळ्यांना देत. फुलपात्र वरून पाची बोटांनी धरायचे, आणि अंगठा काठाच्या आत, पाण्यात. पाणी किती निवलंय ते बघतात, असं मला वाटे.

खाण्याबद्दलची त्यांची मतं धंद्यातून आलेली होती. बर्फ त्यांना निषिद्ध. “बर्फ म्हंजे कच्चं पाणीच, नुसतं ताठ झालेलं.” उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेलं कलिंगड, हॉटेलातली चटणी ही सगळी एकाच टोळीची माणसं. खायचं ते वाफ येत असताना. वाफ गेली की पदार्थ पोरका झाला, मग त्याच्यावर कोण बसलं, कोण उठलं, कुणाला ठाऊक! केळ्याबद्दल मात्र ते हळवे होते. “केळं म्हंजे देवानं सील करून दिलेला माल. आपल्यासमोर फुटतंय.” बाटलीबंद पाणी तेव्हा नुकतंच दुकानांत दिसू लागलं होतं. त्याचं सील त्यांना पटत नसे. “ते माणसानं केलंय,” ते म्हणत. “आमच्या धंद्यात माणसानं मारलेला शिक्का बघूनच पहिला संशय येतो.”

आमच्या कॉलेजची सहल एकदा हंपीला निघाली. निघण्यापूर्वी प्राचार्यांनी प्रवासानं माणूस कसा संस्कारित होतो यावर भाषण केलं. त्यात चार प्राचीन प्रवासी आले, दोन संस्कृत श्लोक आले, आणि एस.टी.चा ड्रायव्हर दोनदा खाली उतरून आला. शेठ मला डबा द्यायला म्हणून आले होते. प्राचार्य खाली बसताच ते गाडीत चढले आणि म्हणाले, “पोरांनो, ताक पिऊ नका. दूध तापवत्यात, ताकात घालायचं पाणी कुणीबी तापवत न्हाई.” एवढंच बोलून ते उतरले. परतीच्या वाटेवर प्राचार्य मागच्या लांब सीटवर आडवे होते. हंपीजवळच्या होस्पेटमध्ये त्यांचा फार सन्मान झाला होता, आणि सन्मानात ताक होतं.

हे सगळं गमतीचं होतं ते बाहेरच्यांना. घरात शेठची मुलगी होती, मंगल. बी.कॉम. झालेली, हुशार आणि वडिलांवर गेलेली; म्हणजे एकदा ठरवलं की हलत नसे. तिची दोन स्थळं पाण्यापायी मोडली होती.

पहिलं कऱ्हाडचं. मुलाच्या वडिलांचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं. त्यांनी मोठ्या कौतुकानं ताजा रस काढला, वर बर्फ घातला आणि पहिला ग्लास शेठपुढं धरला. शेठनी तो आदरानं घेतला आणि आदरानं कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतला. दुसरं सांगलीचं. तिथं गूळ-पाणी पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, “हे हिरीचं का? मग हीर आन संडास यात अंतर किती?” मुलाची आजी म्हणाली, “आवं, तुमी पोरगी द्यायला आलाय का हीर तपासाय?” शेठ म्हणाले, “दोन्हीसाठी.” त्यानंतर त्या घराकडून निरोप आला नाही.

आमच्या भागात दारात आलेल्याला गूळ आणि तांब्याभर पाणी देतात. दुष्काळी मुलूख आहे, द्यायला दुसरं फारसं नसायचं. त्यामुळं ते पाणी नाकारणं म्हणजे घर नाकारणं. शेठना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तांब्या समोर आला की त्यांचा हातच पुढं होत नसे.

याचं कारण काकूंनी मला एकदा शेंगा निवडता निवडता सांगितलं. शेठना धंद्यात नेलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. पाटण्यात दोघं एकाच खोलीत राहत. एका उन्हाळ्यात थोरल्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेठ शेजारच्या हौदाचं पाणी आणून पाजत राहिले, कारण तो पाणी पाणी करत होता. दोन दिवसांत तो गेला. “तवापासनं हे असं हाय,” काकू म्हणाल्या. “म्या कवा हसत न्हाई त्यास्नी.” आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

तिसरं स्थळ आलं ते केरळातलं, त्रिशूरचं. म्हणजे माणसं आपलीच, आटपाडीकडची. पण वीस वर्षं तिकडं गलाईत. मुलगा दिवाळीला गावी आला असताना बघण्याचा कार्यक्रम झाला. तो विट्यात, शेठच्याच घरी झाल्यामुळं पाण्याचा प्रश्न आला नाही. आता उलट घर बघायला जायचं होतं. शेठ, काकू, हवालदार आणि मी. मला न्यायचं कारण तिकडं इंग्रजी बोलावं लागेल असा शेठचा समज होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंगल जिन्यात उभी राहिली.

“सर, एक काम करशीला?”

“काय?”

“तिथं गेल्यावर आमच्या अण्णांनी पाणी प्यायला पायजे. घोटभर का हुईना. तुमी इतिहास शिकवता, एखादा दाखला द्या, कायबी करा.”

“आणि नाही प्यायले तर?”

“दोनदा मोडलं तवा मी काय बोलले न्हाई,” ती म्हणाली. “ह्या वेळी मोडलेलं मला चालणार न्हाई.” आणि खाली गेली. तिचा चेहरा बघून मला माझ्या विषयातले सगळे दाखले कुचकामी वाटले.

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा आमच्यापाशी दोन कळशा, एक पंपाचा स्टोव्ह, केळ्यांची अर्धी फणी, काकूंच्या दशम्या आणि मीठ-साखरेची पुडी होती. “पोटातनं पाणी सांडलं तर भरायला लागतं,” शेठ पुडीबद्दल म्हणाले. “पाटण्यात मला हे ठावं नव्हतं.” पाटण्याबद्दल ते माझ्याशी बोलले ते तेवढंच.

हवालदारांनी नियम पाळायचे नाहीत असं ठरवूनच प्रवास सुरू केला होता. दिसेल त्या स्टेशनावर उतरायचे, नळाला ओंजळ लावायचे, तोंड पुसत परत यायचे.

“दाजी, लय गोड पाणी हाय हितलं. घोटभर घेताय?”

“हवालदार, तुमचं पोट सरकारी हाय. माझं खाजगी हाय.”

“आवं, फौजेत आमी डबक्यातलं पाणी रुमालानं गाळून पिलोय.”

“म्हणून तर पेन्शन देत्यात तुमाला. जिवंत ऱ्हायल्याची.”

बंगळूरला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात कळशी संपली, तेव्हा शेठनी भरदुपारी प्रतीक्षालयाच्या कोपऱ्यात स्टोव्ह मांडला. पंप मारल्यावर असा काही आवाज झाला की एक रेल्वे कर्मचारी धावत आला.

“यहाँ चूल्हा नहीं जलाने का!”

“चूल्हा नहीं है साहेब,” शेठ त्यांच्या पाटण्याच्या हिंदीत म्हणाले, “दवाई है.”

“किसका दवाई?”

शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. दुर्दैवानं ते खरं होतं. हुबळीपासून माझ्या पोटात कळा येत होत्या आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. कर्मचाऱ्यानं माझा चेहरा पाहिला आणि तो माणुसकीनं पाठ फिरवून उभा राहिला. हवालदारांनी तंबाखू मळायला घेतली. ती दाढेखाली जाताच स्टोव्ह विझला.

“मिरजेत काय खाल्लंसा?” शेठनी विचारलं.

“काही नाही. तुमच्याच हातचं पाणी आणि दशमी.”

“आठवून बघा. आठवतंय सावकाश.”

मग त्यांनी पुडीतलं मीठ-साखर फुलपात्रात घातलं, ढवळलं, आणि रात्रीपर्यंत दर थोड्या वेळानं एकेक फुलपात्र माझ्यापुढं धरलं. इतक्या मायेनं कुणी माझी शुश्रूषा केली नव्हती. फुलपात्र वरून धरलेलं, अंगठा पाण्यात.

त्रिशूरला सकाळी उतरलो. घर सराफांच्या गल्लीमागं, कौलारू, नारळीच्या सावलीत. दारात मुलाची आई उभी होती: ठेंगणी, काष्टा घट्ट, हातात पितळी तांब्या, ताटलीत गूळ. माणदेशाची बाई जशीच्या तशी उचलून नारळाच्या बागेत ठेवल्यासारखी. तिच्यामागं तिचे यजमान आणि मुलगा. सगळे हसत होते. मला मंगलचा जिन्यातला चेहरा आठवला आणि पोटात कळ आली; कोणत्या कारणानं ते सांगणं कठीण होतं.

काकूंनी गुळाचा खडा घेतला. शेठनीही घेतला. मग फुलपात्रात पाणी ओतलं गेलं, आणि ते गुलाबी होतं.

शेठचा हात थांबला.

“शेठ,” मी हळूच म्हणालो, “आपले पूर्वज—”

“हे तांबडं कशानं?” शेठ म्हणाले.

“लाकडाची ढलपी हाय, पाण्यात घालून उकळत्यात हिकडं,” मुलाची आई म्हणाली.

“उकळत्यात? का तापवत्यात?”

यजमानांचं हसू मावळलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. हवालदार पायातला बूट उगाच सोडू लागले.

“उकळत्यात,” बाई म्हणाल्या.

“उकळी फुटल्यावर किती वेळ?”

गल्लीतून एक रिक्षा गेली. त्या बाईंनी तांब्या सावकाश कट्ट्यावर ठेवला. मला वाटलं, झालं. आता परतीच्या गाडीची वेळ विचारावी.

“आवं पावणं,” त्या म्हणाल्या, “हितं समदीच उकळून पित्यात. हाटेलवाला, रिक्षावाला, भीक मागणारा सुदीक. त्यात इचारायचं काय हाय?”

माझ्या मते त्या दिवशी शेठना बसलेला हा पहिला धक्का, आणि तो दुसऱ्यापेक्षा मोठा होता. ज्या व्रतासाठी त्यांनी उभ्या सातारा-सांगलीची थट्टा सोसली, ते एका सबंध मुलखात कुणाच्या गावीही नव्हतं. लोक नुसतेच उकळत होते. कौतुकही करत नव्हते.

“आन तुमच्या त्या कळशीत काय हाय?” बाईंनी विचारलं.

“उकळलेलं पाणी.”

“कवाचं?”

“काल दुपारचं.”

“शिळं. वता ते.” मग त्यांची नजर माझ्यावर आली. “ह्यास्नी काय झालंय? तोंड पिवळं पडलंय.”

“भायेरचं कायतरी खाल्लंय,” शेठ म्हणाले. “कबूल करीनात.”

“पाणी कोण देत हुतं त्यास्नी?”

“मीच. उकळलेलं. माझ्या हातानं.”

“कसं देताय, दावा बरं.”

शेठनी कट्ट्यावरचं रिकामं फुलपात्र उचललं आणि नेहमीसारखं पुढं धरलं. वरून, पाची बोटांनी.

बाई एक पाऊल पुढं आल्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. शेठनीही बघितलं. त्यांचा अंगठा फुलपात्राच्या आत होता. त्यावर मिरज ते त्रिशूर अशी सबंध रेल्वे होती: दाराच्या दांड्या, बर्थच्या साखळ्या, स्टोव्हची काजळी, नोटा, चपला.

“उकळलासा,” बाई म्हणाल्या, “आन मग त्यात बोट बुचकळलासा.”

हवालदारांना हसू फुटलं. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बुटाकडे वळले.

शेठ अंगठ्याकडे बघत राहिले. मला पाटण्याची खोली आठवली, आणि त्यांना आठवत नसेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांचा पहारा, आणि फाटक उघडं राहिलं होतं ते स्वतःच्याच हातात. अशा वेळी आमच्याकडची माणसं दोनच गोष्टी करतात: चिडतात किंवा उठून जातात. त्यांच्या मागं उभं राहून मी मनात मंगलची क्षमा मागायला सुरुवात केली.

“साबण कुठं हाय?” शेठ म्हणाले.

मुलानं धावत जाऊन आणला. शेठनी अंगणातल्या नळाखाली हात धुतले. ते हात धुणं अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मुशीतून सोनं काढताना करत असतील तितक्या सावधपणे, एकेक बोट, नखांच्या कडा, मनगट. मध्येच त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “हवालदार, तंबाखू.” हवालदारांनी मळायला घेतली. ती दाढेखाली गेल्यावर शेठनी हातावर पाणी घेतलं. मग ते दारात आले, गुलाबी पाण्याचं फुलपात्र खालून, बाहेरून, दोन बोटांत धरलं, आणि रिकामं केलं.

“कसं लागलं?” मुलाच्या वडिलांनी भीत भीत विचारलं.

“पोरगी दिली,” शेठ म्हणाले.

परतल्यावर मंगलनं मला विचारलं, “कुठला दाखला दिलासा, सर?” मी म्हणालो, “सांगण्यासारखा नाही.” तिनं त्या दिवशी वर ताट पाठवलं, त्यात बासुंदी होती, गरम. माझं पोट तोवर बरं झालं होतं. त्या सबंध प्रवासात आजारी पडलो तो मी एकटाच, ज्यानं शेठच्या पाण्याशिवाय दुसरा थेंब घेतला नव्हता. हवालदार जाता-येता प्रत्येक स्टेशनाच्या नळाचं पाणी प्यायले. त्यांना ढेकरही वेगळी आली नाही. शेठ याला अपवाद म्हणत. हवालदार याला फौज म्हणत.

लग्न विट्यात झालं, भर मे महिन्यात. पाण्याचा टँकर आणला होता, त्यातलं पिण्याचं सगळं पाणी आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यांत उकळलं, आणि तंबाखू मळून मळून हवालदारांचे तळहात सोलले. मांडवाच्या दारात जिथं अत्तर आणि गुलाबपाणी घेऊन मुली उभ्या राहतात, तिथं शेठ स्वतः साबण घेऊन उभे होते. आलेल्या प्रत्येकाचे हात त्यांनी धुववले. आमदार आले त्यांचेही. आमदारांना वाटलं ही या घराण्याची जुनी परंपरा असावी, आणि त्यांनी शुभेच्छांच्या भाषणात तिचा गौरव केला. त्यामुळं ती परंपरा झाली.

शेठ आता नाहीत. पण त्यांच्या भावकीत अजूनही कुठं लग्न निघालं की मांडवाच्या दारात चौरंग असतो आणि चौरंगावर साबण. परवा एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा तो नीट बघितला. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, शेजारी सुपारी होती, आणि तो अजून वेष्टनातच होता.